'हाक'वरचं बोलणं

९ जानेवारी २००२

चिरंजीव धाकट्या,

तुझा माल अखेर आमच्या लिफ्ट तपासणीच्या ऑफिसात येऊन पोचला. सोमवारी दोन माणसं आली, अकराच्या अकरा कॉम्प्युटरवर 'हाक' बसवून गेली आणि जाताना म्हणाली की आता कुणाला काही सांगायचं असेल तर जागेवरून उठायची गरज नाही. आमच्याकडे तसंही कुणी उठत नव्हतं. मी मान ताठ करून सांगितलं की हे माझ्या भावानं केलंय. साहेब म्हणाले, मग बिघडलं की तुम्हालाच धरू.

खाली कोपऱ्यात एक चौकट उघडते, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो, आणि इथे लिहिलं की तिथे टुण्ण करून उमटतं. माझं सगळं बोलणं बॅटरीशीच. तुला ती आठवत असेल, तुझ्या लग्नात भांडून पंगतीत उशिरा बसलेली. लिफ्ट तपासायला खड्ड्यात उतरायचं असो की कँटीनमध्ये जायचं असो, हातात बॅटरी असतेच, म्हणून नाव पडलं. ती कपाटाच्या पलीकडे बसते. पूर्वी आम्ही कपाटावरून बोलायचो आणि काचेच्या केबिनमधून साहेब बघायचे. आता दोघी शहाण्या बायकांसारख्या पडद्याकडे बघत असतो.

पण एक सांगते, रागावू नकोस. चौकट मिटली की बोललेलं सगळं गडप होतं, हे काही बरोबर नाही. मी सव्वीस वर्षं रेकॉर्ड सांभाळते. माझ्या खोलीत आलेला कागद आजवर हरवलेला नाही, कारण प्रत्येकाला मी तांबड्या शाईनं पानाचा नंबर घालते आणि फायलीच्या पुठ्ठ्यावर एकूण आकडा मांडते. परवा साहेबांनी 'हाक'वर नऊ नंबरची फाईल मागितली, मी पाठवली, आणि काल म्हणाले की मी मागितलीच नव्हती. आता मी त्यांना काय दाखवू? लेखी म्हणायचं आणि हातात कागद नाही, मग ते तोंडीच झालं की.

आईचे गुडघे तसेच आहेत.

तुझी ताई

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी इथे मोठ्यानं वाचून दाखवलं. इथे म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या वरची खोली. आम्ही तिघं, चार टेबलं आणि खालून दिवसभर येणारा दात कोरण्याचा आवाज. आमचे मालक म्हणाले, ही बाई आपल्याला फुकट सल्ला देते, तिचं ऐका.

तर ऐकलंय. मार्चमध्ये नवी आवृत्ती येईल, तिच्यात बोललेलं साठून राहील. तारीखवार, कुणी कुणाला काय लिहिलं ते. आणि खास तुझ्यासाठी खाली छापायचं बटण घातलंय. ते बटण आणखी कुणीही मागितलेलं नाही, हे लक्षात ठेव.

शिवाय एक गंमत आहे. समोरचा माणूस लिहायला लागला की तुला चौकटीत 'लिहीत आहे' असं दिसेल. लोकांची तक्रार होती की पलीकडे कोणी आहे की खुर्ची रिकामी, तेच कळत नाही.

तू 'हाक'वर फार खाजगी बोलत जाऊ नकोस. नवी वस्तू आहे, अजून आम्हालाच तिची सगळी खोड माहीत नाही. बाकी तू इतक्या लांबून कागदावर लिहितेस ते मला आवडतं.

धाकटा

२२ मार्च

धाकट्या,

तुझ्या गमतीनं ऑफिसात आग लावली. ज्याला त्याला वाटतं, समोरचा काहीतरी लिहून खोडतोय. स्टोअरवाल्यानं टायपिस्टबाईंना विचारलं की दहा मिनिटं 'लिहीत आहे' दिसत होतं आणि आलं फक्त 'बरं', तर मधलं कुठे गेलं? त्या म्हणाल्या, चुकलं म्हणून खोडलं. त्याला पटलं नाही. दोघं आता बोलत नाहीत. मी स्वतः काल साहेबांच्या नावापुढे 'लिहीत आहे' बघत पाऊण तास घाम पुसत बसले. शेवटी काहीच आलं नाही. त्यांची कोपरं कीबोर्डवर टेकली असतील, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

छापायचं बटण मात्र नामी आहे. मी दर संध्याकाळी दिवसभराचं बोलणं छापते. साहेब आता नाही म्हणून दाखवू देत.

बॅटरीचं काहीतरी बिनसलंय. सतरा नंबरची लिफ्ट म्हणजे त्या शिवणकामाच्या कारखान्यातली, वर-खाली दीडशे बायका रोज करतात. ती सुरक्षित असल्याच्या दाखल्यावरून साहेब आणि बॅटरीत काहीतरी झालंय. मला तोंडानं सांगत नाही, केबिनची काच समोर आहे. म्हणते, 'हाक'वर सांगेन कधीतरी.

आई विचारते, तू जाड झालास का.

ताई

२९ एप्रिल

ताई,

घाईत आहे. नव्या आवृत्तीत तुला दोन बदल दिसतील. निरोप समोरच्यानं पाहिला की त्याच्याखाली खूण येते. आणि पाच मिनिटं कुणी कीबोर्डला हात लावला नाही की हिरवा ठिपका पिवळा होतो. पहिला बदल मला आवडला होता. दुसरा मालकांनी सांगितला.

आम्ही आता अकराजण आहोत आणि दवाखान्याचा अर्धा मजलाही घेतलाय. मोठी गिऱ्हाइकं येतात. ती वेगळंच काहीबाही मागतात. ते पत्रात नको.

जाड झालेलो नाही.

धाकटा

६ जून

धाकट्या,

फोन करू नकोस, तो आईच्या खोलीत आहे. पत्रानंच उत्तर दे आणि सरळ दे.

मंगळवारी साहेबांनी बॅटरीला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दिसत होतं. ती उभी होती, ते बसून बोलत होते. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बॅटरी नव्हती, आत विसरली होती. तिला कामावरून थांबवलंय आणि चौकशी लावलीय. आरोप असा की सतरा नंबरच्या लिफ्टचे दोर न बघताच तिनं दाखल्यावर सही केली.

सही तिनं केली होती. पण साहेबांनी करायला लावली होती. कारखान्याच्या मालकाला दाखला घाईनं हवा होता. ती मे महिन्यात एके दिवशी मला 'हाक'वर हे बोलली, फक्त मला. आणि चहा द्यायला आत गेलेला शिपाई सांगतो, साहेबांनी तिला केबिनमध्ये तिचीच वाक्यं ऐकवली, शब्दाला शब्द, "त्या कारखान्यावरून जायचं मी टाळते" हेसुद्धा. त्यातलं साहेबांनी सांगितलं म्हणून सही केली, तेवढं वगळून.

बाहेर पडताना ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, मी नाही म्हणून. तिनं काही मान हलवली नाही.

तेव्हा सांग. 'हाक'वर आम्ही दोघी जे बोलतो ते वरून कुणाला वाचता येतं का? हो की नाही?

ताई

१९ जून

ताई,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तुझ्या मैत्रिणीचं वाईट झालं. अशा वेळी माणूस जवळच्यांवरच आधी शंका घेतो, तूही तिचं मनावर घेऊ नकोस. ती धीराची आहे, निभावेल.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर तुमच्या दोघींचं बोलणं वरून कुणीही वाचलेलं नाही. हे मी खात्रीनं सांगतो. तू माझ्यावर विश्वास ठेव आणि तिलाही सांग. साहेबांना दुसरीकडून कळलं असेल. ऑफिस म्हटलं की भिंतींनाही कान असतात.

आईला डॉक्टरकडे कधी नेतेस? मी तारीख बघून येईन म्हणतो.

धाकटा

३० जून

धाकट्या,

मी विचारलं वाचता येतं का, आणि तू सांगितलंस वाचलेलं नाही. मी रेकॉर्डमध्ये आयुष्य काढलंय, मला ही सारवासारव कळते. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. आणि कुणी वाचलं नाही हे तुला खात्रीनं कुठून कळलं? म्हणजे तिथे बसून तू आमच्या ऑफिसात डोकावलास. डोकावता येतं.

तू लहानपणी खोटं बोललास की आईच्या तब्येतीची चौकशी करायचास. अजून करतोस.

मी बॅटरीच्या घरी गेले होते. दार तिच्या बहिणीनं उघडलं आणि उंबऱ्यातच उभं केलं. मागून बॅटरीचा आवाज आला, "तिला विचार, तिच्या भावाला साहेबांनी किती विचारलं आणि त्यानं किती सांगितलं." मी तिथेच म्हटलं की असं असेल तर मी स्वतः चौकशीत सांगेन. आणि सांगितलंय. काल लेखी दिलंय की 'हाक' नावाचं यंत्र आतलं बोलणं बाहेर फोडतं, ते माझ्या सख्ख्या भावानं बनवलंय आणि तो विचारल्यावर सरळ उत्तर देत नाही. तुझ्या मालकांकडे त्याची प्रत जाईल.

मला लिहिताना काय झालं ते तुला सांगणार नाही. बॅटरीची अठरा वर्षांची नोकरी आहे. तिचं नाव गेलं तर तिला कुणी लिफ्टच्या दाराशीसुद्धा उभं करणार नाही.

ताई

१४ जुलै

ताई,

हो. वाचता येतं.

एप्रिलमध्ये मालकांनी सांगितलं की मोठी गिऱ्हाइकं किल्ली मागतात. किल्ली म्हणजे ऑफिसच्या प्रमुखाला त्याच्या जागेवरून कुणाचंही साठलेलं बोलणं उघडता येईल अशी सोय. मी आठ दिवसांत ती करून दिली. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. मी विचारलं होतं की वापरणाऱ्यांना कळायला नको का. मालक म्हणाले, कळलं तर ते बोलतील का? सगळे हसले. मीही हसलो. तुमच्या ऑफिसातही ती किल्ली आहे, साहेबांच्या कॉम्प्युटरवर.

पण ती फिरली की आमच्याकडे नोंद उमटते. तुझं पत्र आल्यावर मी ती नोंद बघितली. तुमच्या साहेबांनी किल्ली एकदाही फिरवलेली नाही. त्यांना ती कशी वापरायची तेही ठाऊक नसावं. हे खरं आहे, आणि याउपर तुला खोटं वाटलं तर तो दोष माझा.

तू लेखी दिलंस त्याची प्रत इथे आली. मालकांनी मला 'हाक'च्या कामावरून काढून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला बसवलंय. माझी तक्रार नाही. चौकशीत माझ्या नावावर जे घालायचं ते घाल.

एक विनंती आहे. साहेबांना कुठून कळलं, ते तू आता शोधत बसू नकोस. यंत्रानंच फोडलं म्हण आणि सोड.

धाकटा

२३ ऑगस्ट

धाकट्या,

तुझ्या शेवटच्या ओळीवरून मी महिनाभर तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. शोधू नकोस म्हणतो म्हणजे नक्की पाणी मुरतंय, साहेबांचा आणि याचा काहीतरी ठराव झालाय, इथपर्यंत मजल गेली होती माझी.

ऑगस्टात आमची फायलींची वार्षिक मोजणी असते. साहेब चौकशीपर्यंत रजेवर आहेत. शिपाई त्यांच्या केबिनमधल्या सगळ्या फायली हातगाडीवर घालून घेऊन आला. त्यांच्या बंद खणातल्यासुद्धा, कारण मोजणी संपेपर्यंत खणाची किल्ली माझ्याकडे असते. त्यात सतरा नंबरची होती. मे महिन्यापासून ती केबिनमध्ये होती. मी पानं मोजली. पुठ्ठ्यावर शेहेचाळीस, आत शेहेचाळीस. मोजताना त्रेचाळीसावं पान जरा पातळ लागलं म्हणून उलटून बघितलं.

'हाक'चं बोलणं होतं. तीन मे. बॅटरीचं आणि माझं. डाव्या कडेला माझ्या पंचनं पाडलेली भोकं, वर उजवीकडे तांबड्या शाईनं माझ्या हातचा त्रेचाळीस.

धाकट्या, मी ते लावलं. मला लावल्याचं आठवत नाही, पण आठवायचं कशाला, रोज तेच करते. संध्याकाळी छापलेले कागद पुढ्यात घ्यायचे, ज्या लिफ्टचा नंबर दिसेल त्या फायलीला लावायचे. नंबर बघायचा, मजकूर बघायचा नाही. मला नोकरीला लागताना जुन्या रेकॉर्डकीपरनी हेच शिकवलं होतं, मजकूर वाचायला लागलीस तर हात थांबेल आणि तोंड सुटेल. सव्वीस वर्षं मला त्याचा अभिमान होता. बॅटरीनं लिहिलं होतं 'सतरा नंबरचं तुला सांगायचंय', आणि मी ते सतरा नंबरला लावून मोकळी झाले. महिनाअखेर साहेबांनी फाईल मागवली, मी धूळ झटकून स्वतः नेऊन दिली.

माझं उत्तरही त्याच पानावर आहे. तिनं एवढं लिहिलं आणि मी काय लिहावं? 'होतं असं. डोक्यावर घेऊ नकोस. चारला चहाला जाऊ.'

मग तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. तुला ठाऊक होतं, खरं ना? खरं सांग. मी अजून कुणाला बोलले नाही. सतरा नंबर परत त्या खणात ठेवलीय आणि घरी येऊन आईशी विनाकारण भांडले.

चौकशीची शेवटची बैठक नऊ सप्टेंबरला आहे.

ताई

३० ऑगस्ट

ताई,

हो, ठाऊक होतं. किल्लीची नोंद बघायला गेलो तेव्हा खाली छपाईची नोंद होती. 'तीन मे, चार वाजून पन्नास मिनिटं, रेकॉर्ड, एक प्रत.' पुढचं मला दिसल्यासारखं कळलं. तू पंच घेऊन बसली असशील.

का नाही सांगितलं? तुला हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू त्या खोलीत पाय ठेवू शकली नसतीस. आणि मी किल्ली केली होतीच. ती फिरली नाही तो केवळ योग. शिव्या खायला मी अगदीच चुकीचा माणूस नव्हतो. तसं बघितलं तर छापायचं बटणही मीच घातलं.

आता माझं ऐक. साहेब येण्याआधी ते पान काढून टाक आणि नऊ तारखेला गप्प बस. पुठ्ठ्यावरचा आकडा तुझ्याच हातचा आहे, पंचेचाळीस करायला किती वेळ लागतो? यंत्रावर ठपका बसलाच आहे, बसू दे. तुझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत.

हे मी तुला सांगतोय याची मला लाज वाटते, तरी सांगतोय.

धाकटा

१२ सप्टेंबर

धाकट्या,

पान काढायला मी गेले होते. खरंच गेले होते. शनिवारी ऑफिस रिकामं असताना सतरा नंबर पुढ्यात घेऊन बसले. आणि त्रेचाळीसावं पान पहिल्यांदा नीट वाचलं, नंबर न बघता. तेव्हा डोक्यात उजेड पडला. साहेबांनी ते इतके दिवस जपून का ठेवलं? फाडलं का नाही? कारण फाडता येत नव्हतं. पुठ्ठ्यावर आकडा होता, मधला नंबर तुटला असता आणि मी ओरडले असते. म्हणून त्यांनी घाई करून बॅटरीवर आधी आरोप ठेवला, आणि फाईल खणात घातली. त्या पानावर तारीख घालून लिहिलेलं आहे की सही साहेबांनी करायला लावली. चौकशी लागायच्या महिनाभर आधी लिहिलेलं. बॅटरीच्या बाजूनं बोलणारा जगात तेवढा एकच कागद, आणि मी तो काढायला निघाले होते.

नऊ तारखेला वरच्या ऑफिसातल्या बाई चौकशीला बसल्या होत्या. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला बॅटरी. मी फाईल पुढे ठेवली. बाईंनी पान मोठ्यानं वाचलं, माझ्या चहासकट. मग विचारलं, हे खाजगी बोलणं सरकारी फायलीला कुणी लावलं? मी म्हटलं, "मी. त्यावर सतराचा नंबर होता." बाईंना वाटलं मी चेष्टा करतेय. त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. साहेब म्हणाले की मैत्रिणीसाठी मागाहून बनवून घुसवलंय. त्यावर बाईंनी पुढची तीन पानं उलटली. तिन्ही मे महिन्यातली, एकावर साहेबांचीच सही. म्हणजे त्रेचाळीस मागाहून घुसवायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सतरा नंबर बंद करून दोर उतरवले. बाईंनी बॅटरीलाच पाठवलं होतं. दोन दोरांच्या तारा आतून तुटत आल्या होत्या. बॅटरी आता परत कामावर येतेय. साहेबांना इथून हलवलं. मला रेकॉर्डमधून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, आणि ते योग्यच केलं.

काल मी बॅटरीच्या घरी गेले. या वेळी आत घेतलं, पण बस म्हणाली नाही. मी म्हटलं की मी मुद्दाम केलं नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं. मी इतके दिवस जीव मुठीत धरून कुणाला तरी सांगायला गेले आणि तू त्याला भोकं पाडलीस." मी उभीच राहिले. निघताना दाराशी म्हणाली, "परत येशील तेव्हा पिशवी, कागद, काही आणू नकोस. हात रिकामे घेऊन ये." मी येईन म्हटलं.

आता तुझं. बैठकीत बाईंनी शेवटी विचारलं की मग त्या यंत्राबद्दल तुम्ही जे लेखी दिलंय ते खोटं समजायचं का? हो म्हटलं असतं तर तू सुटला असतास. तुला 'हाक'चं काम परत मिळालं असतं, मालकांनी पेढेसुद्धा दिले असते. पण नवे साहेब त्याच खुर्चीत बसणार, त्याच कॉम्प्युटरपुढे. किल्ली तिथेच आहे. कुठल्यातरी ऑफिसात कुणी बॅटरी कुणाला तरी काही सांगत असेल, आणि तिथला साहेब आमच्या साहेबांसारखा अडाणी नसेल.

मी तुझं चौदा जुलैचं पत्र पर्समधून काढलं आणि बाईंपुढे ठेवलं. तुला विचारलं नाही. त्याला आता नंबर पडलाय, सत्तेचाळीस. बाईंनी ते सगळ्या ऑफिसांना कळवायचं ठरवलंय. तुझं काय होईल ते मला कळतं. पहिला कागद मी न वाचता लावला, हा दहा वेळा वाचून लावला, एवढाच फरक. तुला तो पुरेसा वाटणार नाही.

ताई

१० ऑक्टोबर

ताई,

एक तारखेला मला काढलं. मालक म्हणाले, घरातली माणसं सांभाळता येत नाहीत आणि गिऱ्हाइकांची गुपितं काय सांभाळणार. चाळीस ऑफिसांनी विचारणा केली म्हणे. नव्या आवृत्तीत कुणी वरून बोलणं उघडलं की ज्याचं ते असेल त्याच्या चौकटीवर तांबडी पट्टी येणार आहे. मी तीन महिने मागत होतो ते दहा दिवसांत झालं. केलं दुसऱ्यानं, माझ्या टेबलावर बसून. पट्टी जरा जाड केलीय, पण चालेल.

मी तुझ्यावर चिडलोय. विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, आणि म्हणूनच तू विचारलं नाहीस, हे कळूनसुद्धा चिडलोय. तुझं पत्र आलं त्या दिवशी बायकोला म्हटलं की आता ताईला एक ओळ लिहिणार नाही. ती म्हणाली, मग फोन कर. मी म्हटलं, फोन आईच्या खोलीत आहे. तर म्हणाली, मग जाऊन भांडून ये.

म्हणून रविवारी येतोय. आईला एवढंच सांग की सुट्टी मिळाली.

हे पत्र वाचलंस की फाडून टाक. फाडलंस की नाही ते मी आल्यावर बघणार आहे.

धाकटा